दप्तराची राखण

मराठीत ‘दप्तर’ या शब्दाला दोन जन्म लाभले. फारसीतून तो आपल्याकडे आला तेव्हा कचेरीतील कागदांच्या रुमालांना, म्हणजे ज्यांत मुलखाची जमाबंदी, इनामे, तंटे आणि निवाडे कापडात बांधून ठेवलेले असत त्या गाठोड्यांना, तो लागला. आणि पुढे केव्हातरी, कदाचित तीही कापडातच बांधलेली असत म्हणून, शाळेत जाणाऱ्या पोराच्या पाटीपुस्तकांनाही आपण तोच शब्द लावून मोकळे झालो. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर, ज्यातून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडलेल्या कागदांचे ४५ भाग प्रसिद्ध झाले, आणि सहा वर्षांच्या मुलीच्या पाठीवरचे दप्तर या दोहोंत नावापलीकडे काही साम्य असेल असे आजवर कोणाला वाटले नसेल. ते साम्य आता उत्पन्न झाले आहे. मूल पहिलीत दाखल होते त्याच दिवशी त्याचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात आणि आधार क्रमांक हा सारा तपशील संगणकात उतरतो. महाराष्ट्रात २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत आणि अलीकडे केंद्राच्या ‘यू-डायस प्लस’मध्ये. पाठीवरचे दप्तर उचलायला शिकण्यापूर्वीच मुलाचे दुसरे दप्तर सिद्ध झालेले असते, आणि ते त्याला स्वतःला कधी दिसत नाही.

या दुसऱ्या दप्तरात प्रकृतीच्या नोंदीही असतात, हे पुष्कळ पालकांच्या लक्षात नसते. फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चा देशव्यापी आरंभ झाला तो आपल्या पालघरला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी फिरत्या वैद्यकीय पथकांनी करावी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा जावे, आणि जन्मजात व्यंग, कुपोषणजन्य कमतरता, बालपणीचे आजार व विकासातील विलंब यांपैकी काही आढळल्यास मुलाला पुढच्या रुग्णालयात पाठवावे, अशी ही योजना. पथकातील डॉक्टर एखाद्या मुलीच्या छातीला नळी लावतात, त्यांना ठोक्यांच्या मध्ये एक अनपेक्षित सरसर ऐकू येते, आणि ते नोंद करतात. ही नोंद वहीतच राहिली तर तिचा त्या मुलीला उपयोग शून्य. ती जिल्हा रुग्णालयात पोहोचली, तेथून सोनोग्राफीची तारीख आली, ती तारीख वर्गशिक्षिकेला कळली, आणि तारखेला मूल आले नाही म्हणून कोणी चौकशी केली, तर कदाचित एक शस्त्रक्रिया वेळेवर होते.

पण नोंदीला दुसरे तोंडही असते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हा तिचा संकल्प असून नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आपल्या आदिवासी पट्ट्याशी तिचा निकटचा संबंध आहे. या विकारात ‘रुग्ण’ वेगळा आणि ‘वाहक’ वेगळा. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. मात्र दोन वाहकांचा विवाह झाल्यास त्यांच्या प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून ही माहिती वाहक मुलीला आणि तिच्या आईबापांना असणे अत्यावश्यक. आणि नेमकी म्हणूनच ती शाळेच्या यादीतून गावभर झाली तर तिचे लग्न जमणे दुरापास्त होऊ शकते. आतुराच्या घरातील गोष्टी बाहेर न नेण्याचा दंडक चरकसंहितेने वैद्यकाच्या शिष्याला दीक्षेच्या वेळीच घालून दिला आहे. आजच्या संगणकीय व्यवस्थेतील सारा गुंता मला या एका नोंदीत साठवलेला दिसतो. ती योग्य माणसाच्या डोळ्यांपुढे वेळेवर येणे याला आरोग्यखाते सेवेची गुणवत्ता म्हणते, आणि अयोग्य माणसाच्या डोळ्यांपुढे कधीच न येणे याला शिक्षणखाते डिजिटल सुरक्षितता म्हणते; दोन खात्यांनी दोन परिपत्रके काढली म्हणून काम दोन होत नाही.

गुणवत्तेची गोष्ट आधी घेऊ, कारण तिच्याविषयी गैरसमज अधिक. बैरूतमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात स्थिरावलेले अवेदिस दोनाबेदियन यांनी १९६६ साली एका दीर्घ लेखात वैद्यकीय सेवेची पारख करण्याच्या तीन पायऱ्या सांगितल्या: रचना, प्रक्रिया आणि फलित. इमारत, खाटा, यंत्रे, माणसे ही रचना. रुग्णाची तपासणी नीट झाली का, औषध वेळेवर दिले का, ही प्रक्रिया. आणि रुग्ण बरा झाला का, हे फलित. आपल्याकडील बहुतेक अहवाल पहिल्या पायरीवरच दम टाकतात. किती रुग्णालयांत संगणक बसले, किती शाळांना टॅब मिळाले, किती ओळखक्रमांक तयार झाले, याचे आकडे मोठ्या हौसेने छापले जातात. ‘येथील कारभार कागदविरहित आहे’ अशी पाटी दारावर असलेल्या एका रुग्णालयात मी केसपेपरच्या झेरॉक्स काढण्यासाठी दोनदा समोरच्या दुकानात गेलो आहे, आणि दुकानदाराने मला दोन्ही वेळा न विचारता तीन प्रती दिल्या, कारण किती लागतात हे त्याला माझ्यापेक्षा ठाऊक होते.

संगणकाने सेवा सुधारत नाही असे मात्र मुळीच नाही. बॉस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स रुग्णालयात डॉक्टरांनी औषधे चिठ्ठीवर न लिहिता संगणकात लिहावीत अशी व्यवस्था झाली, आणि तिचा जो अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला त्यात औषधांच्या गंभीर चुका ५५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. यात चमत्कार नव्हता. डॉक्टरांचे अक्षर हा जगभर थट्टेचा विषय आहे, पण त्या अक्षरातील दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते. संगणक ते अक्षर वाचण्याचा प्रसंगच येऊ देत नाही, आणि रुग्णाला एखादे औषध सोसत नसल्याची नोंद असेल तर हात आडवा घालतो.

आता याच यंत्राची दुसरी हकिकत ऐकावी. पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयात ऑक्टोबर २००२ मध्ये अशीच एक व्यवस्था अवघ्या सहा दिवसांत सर्वत्र लागू करण्यात आली. इतर रुग्णालयांतून अत्यवस्थ स्थितीत तेथे आणल्या जाणाऱ्या मुलांचा पुढे जो हिशेब मांडला गेला आणि २००५ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्या मुलांच्या मृत्यूचे प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे आढळले. यंत्र बिघडले नव्हते. पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच डॉक्टर औषधांची चिठ्ठी लिहून ठेवीत आणि मूल दारात येण्यापूर्वी औषध तयार असे. नव्या व्यवस्थेत मूल प्रत्यक्ष दाखल होऊन त्याची नोंद झाल्याखेरीज संगणक औषध लिहूच देत नव्हता. एक औषध लिहायला पूर्वी क्षणभर लागे, तेथे आता पडद्यामागून पडदे उलटावे लागत. आणि तातडीची जी औषधे पूर्वी खाटेजवळ ठेवलेली असत ती मध्यवर्ती भांडारात गेल्याने परिचारिका धावपळीत सापडल्या. जो डॉक्टर मुलाजवळ उभा असायचा तो संगणकाजवळ बसला, आणि अत्यवस्थ मुलाच्या बाबतीत ही दहा पावलांची अदलाबदल प्राणांतिक ठरू शकते.

याहून उद्बोधक भाग पुढचा आहे. सिअॅटलच्या मुलांच्या रुग्णालयाने तीच संगणकप्रणाली घेतली, आणि तेथे मृत्यूचे प्रमाण वाढले नाही. नेहमी लागणाऱ्या औषधांचे संच त्यांनी आधीच रचून ठेवले होते, अतिदक्षता विभागातील लोकांना आखणीत सामील करून घेतले होते, आणि काम ज्या क्रमाने चालते त्याच क्रमाने पडदे लावले होते. प्रणाली तीच, शहरे दोन, फळे दोन. यंत्र विकत घेणे हा खरेदीचा व्यवहार आहे. ते कामात मुरवणे ही निराळी विद्या असून ती कोणत्याही निविदेत लिहून मिळत नाही.

आपल्या देशात २०२१ पासून ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ चालू आहे. त्यात चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो, आणि अनेक रुग्णालयांत खिडकीशेजारच्या क्यूआर चौकटीवर मोबाइल धरला की नावनिशी आत जाऊन टोकन मिळते. केसपेपरच्या रांगेत ज्यांनी गुडघ्यांच्या दुखण्यासह सकाळी सातपासून उभे राहण्याचा अनुभव घेतला आहे, त्यांना ही सोय क्षुल्लक वाटणार नाही. तरी रांग कमी होणे म्हणजे उपचार चांगला होणे नव्हे. आणि ज्या म्हातारीकडे मोबाइलच नाही तिची रांग जुन्याइतकीच लांब राहिली तर तो हिशेबही त्याच अहवालात यायला हवा.

ही सारी दप्तरे एका ठिकाणी जमली की त्यांच्यावर दरोडा कसा पडतो, याचे उदाहरण शोधण्यास परदेशी जावे लागत नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संगणक मुके झाले. कोणीतरी दूरवरून आत शिरून तेथील माहिती कुलूपबंद केली होती. या प्रकारात चोर ऐवज उचलून नेण्यापेक्षा तुमच्याच तिजोरीला आपले कुलूप लावतो, आणि किल्लीसाठी पैसे मागतो; इंग्रजीतून आलेला ‘रॅन्समवेअर’ हा शब्द त्यासाठी रूढ आहे, ‘खंडणी’ हा आपला शब्द जरी अधिक नेमका असला तरी. सुमारे दोन आठवडे त्या अवाढव्य संस्थेत नोंदणी, प्रयोगशाळेचे अहवाल, दाखले आणि बिले हातांनी लिहिली गेली. सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरानुसार पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती बंदिस्त झाली. जाळ्याची विभागणी नीट केलेली नव्हती, म्हणून हे घडू शकले.

ही विभागणी म्हणजे काय, ते मराठी माणसाला गडाच्या रचनेवरून लवकर समजते. गडाचा महादरवाजा पडला म्हणजे गड पडला असे होत नसे; वळणावर दुसरा दरवाजा, त्यापुढे तिसरा, आणि शेवटी बालेकिल्ल्याला स्वतंत्र तट. शत्रू माचीवर आला तरी बालेकिल्ला लढत राही. संगणकाच्या जाळ्यातही उपाहारगृहाचे बिल बनवणारे यंत्र आणि रुग्णांच्या नोंदी सांभाळणारे यंत्र यांच्यामध्ये असा तट हवा. तो नसेल तर एका कारकुनाने अनोळखी पत्राला जोडलेली फाइल उघडणे म्हणजे बालेकिल्ल्याचा दरवाजा आतून उघडणे होय. दिल्लीच्या त्या संस्थेला पुढे सावरता आले ते एका जुन्या शहाणपणामुळे: तिच्या ‘ई-हॉस्पिटल’ प्रणालीची माहिती दुसऱ्या एका अबाधित सर्व्हरवर नक्कल करून ठेवलेली होती, आणि तिच्यावरून सारे पुन्हा उभे करता आले. महत्त्वाच्या कागदाची नक्कल दुसऱ्या ठिकाणी ठेवावी हे आपल्या दप्तरदारांना कोणी शिकवावे लागले नव्हते. ब्रिटनच्या आरोग्यसेवेवर मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या रॅन्समवेअरने असाच घाला घातला तेव्हा हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या; ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवण्याचे साधन दोन महिने आधीच मोफत उपलब्ध झालेले होते, फक्त ते लावण्याचे राहून गेले होते.

रुग्णालयाचे संगणक बंद पडले की वर्तमानपत्रांत मथळे येतात. शाळेच्या माहितीची चोरी त्या मानाने निःशब्द असते, कारण त्या दिवशी कोणाचा वर्ग चुकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेतील असंख्य शाळांना प्रणाली पुरवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या दप्तरात एका चोरलेल्या परवलीच्या शब्दाच्या बळावर शिरकाव झाला. पुढे गुन्हा कबूल केला तो एकोणीस वर्षांच्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने. टोरांटोच्या शाळामंडळाने पालकांना कळवले की गेलेल्या माहितीत १९८५ पासूनच्या विद्यार्थ्यांची माहिती असू शकते. म्हणजे शाळा सोडून ज्यांना तपे उलटली, ज्यांची स्वतःची मुले शिकून बाहेर पडली, त्यांचेही दप्तर तेथे उघडेच पडून होते. ते कशासाठी ठेवले होते, याचे उत्तर बहुधा कोणाकडेच नसावे.

ठेवू नये असेही सरसकट म्हणता येत नाही, हे मला कबूल केले पाहिजे. आपल्या शाळांतील ‘जनरल रजिस्टर’ हे कायमचे दप्तर आहे. जन्मतारखेच्या पुराव्यासाठी, जात पडताळणीसाठी माणसे साठाव्या वर्षी आपल्या प्राथमिक शाळेत येतात, आणि २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडीतील कितीतरी शालेय नोंदी पुन्हा उजेडात आल्या. पण रजिस्टर कायम ठेवणे निराळे, आणि पाचवीतल्या मुलाने कोणत्या दिवशी किती वाजता कोणता धडा किती वेळ पाहिला हे कायम ठेवणे निराळे. २०२२ साली ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने ४९ देशांतील १६४ शैक्षणिक ॲप व संकेतस्थळे तपासली, त्यांपैकी १४६ मुलांच्या माहितीशी त्यांच्या हक्कांना बाधक ठरेल अशा रीतीने वागत असल्याचे या संस्थेने नोंदवले. आपल्याकडील ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक व्यासपीठाच्या बाबतीत दहा लाखांहून अधिक शिक्षकांची आणि सुमारे सहा लाख विद्यार्थ्यांची माहिती एका असुरक्षित सर्व्हरवर वर्षाहून अधिक काळ उघडी होती, असे जानेवारी २०२३ मध्ये उघडकीस आले. याउलट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर चौकटी आणल्या, ज्याबद्दल २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, ती कल्पना मला आजही निर्मळ वाटते: चौकटीवर मोबाइल धरला की कविता ऐकू येते, आणि त्यासाठी मुलाचे नाव, गाव, वय विचारण्याचे कारणच पडत नाही.

आणि सगळाच दोष ॲपवाल्यांना देण्यात अर्थ नाही. माझ्या परिचयाच्या एका शाळेत शिष्यवृत्तीची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर आली. तीत प्रत्येक मुलापुढे जात, आधार क्रमांक आणि बँकेचे खाते होते, आणि खाली ‘चूक असल्यास कळवावे’ अशी नम्र सूचना. पाठवणाऱ्या शिक्षिका अत्यंत सालस. संध्याकाळपर्यंत सतरा ठिकाणी माहिती भरून पाठवण्याचा हुकूम होता, आणि त्यांनी दिरंगाई टाळली एवढाच त्यांचा अपराध. मुलांना भेडसावणारे इतरही धोके आहेत, अनोळखी माणसांचे संदेश, बनावट छायाचित्रे, खेळाच्या नावाखाली उकळलेले पैसे. त्यांच्याविषयी १९३० आणि १०९८ हे दोन मदतक्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर असावेत यापलीकडे येथे विस्तार करीत नाही.

उपाय यंत्रज्ञांच्या दृष्टीने फारसे गूढ नाहीत. पहिला, ज्याचा जेवढा अखत्यार तेवढेच त्याला दिसावे: वर्गशिक्षिकेला मुलीची रुग्णालयातील तारीख कळावी, निदान नव्हे, पोषण आहाराचा हिशेब ठेवणाऱ्याला पटसंख्या दिसावी, जात नव्हे. दुसरा, एकाच परवलीच्या शब्दावर भिस्त न ठेवता मोबाइलवर येणाऱ्या दुसऱ्या खुणेचीही मागणी व्हावी. उत्तर अमेरिकेतील त्या चोरीत अशी दुसरी खूण आडवी आली असती तर केवळ चोरलेला शब्द पुरला नसता. तिसरा उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचे मूळ आपल्या इतिहासात सापडते. शिवकालीन पत्राच्या शेवटी मर्यादेची मुद्रा उमटवीत, म्हणजे मजकूर येथे संपला आणि याखाली कोणी एक अक्षर घातले तर ते खोटे, हे कागदच सांगे. आणि आलेला-गेलेला प्रत्येक कागद बारनिशीत चढे. संगणकालाही अशी बारनिशी ठेवता येते, किंबहुना कागदापेक्षा पुष्कळ चोख: कोणती नोंद कोणी, केव्हा उघडली, काय बदलले, हे तो आपोआप लिहितो. मात्र ही बारनिशी वाचणारा कोणी नेमलेला असावा लागतो, आणि दहा जणांनी एकाच नावाने आत शिरण्याची चाल असेल तर तीत एकाच बिचाऱ्याचे नाव दहा वेळा उमटते.

कायदाही आता मागे नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्यास मनाई, आणि मुलांसंबंधीच्या कर्तव्यात कसूर झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड, ही त्यातील ठळक कलमे. शाळा आणि रुग्णालये यांना आपापल्या कामापुरती काही मोकळीक दिलेली आहे, आणि मुख्य कलमे अंमलात येण्यास नियमांनी दीड वर्षाची मुदत ठेवली आहे.

मध्यंतरी आमच्या शेजारचे एक गृहस्थ मुलाच्या शाळेतून आलेला संमतीचा कागद घेऊन माझ्याकडे आले. विद्यार्थ्याला बारा अंकी ‘अपार’ क्रमांक देण्याची जी योजना आहे, तिचा तो कागद. सही कोठे करायची एवढेच त्यांना विचारायचे होते. मी म्हटले, आधी वाचू. आम्ही दोघांनी चष्मे लावून तो वाचला, त्यात चहा निवला. हा क्रमांक घेणे ऐच्छिक आहे, आणि दिलेली संमती मागेही घेता येते, हे समजल्यावर त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. संमती द्यायला त्यांची हरकत नव्हती. ती पुढे मागे घ्यायची झाल्यास अर्ज कोणाकडे करायचा, एवढे उद्या शाळेत विचारून येतो, असे म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटकाशी भेटले तेव्हा मी विचारले, काय झाले. ते म्हणाले, “लिपिकांनी आधी मला बसायला खुर्ची दिली, आणि मग कागद हातात घेऊन ते स्वतः वाचत बसले. अर्ध्यावर आल्यावर म्हणाले, थांबा हो, मीसुद्धा हे पहिल्यांदाच वाचतोय.”